गायरान, कोंडवाडा आणि गव्हाण : फैजपूर परिसरातील शेळी व तिचा चारा

१

जनावरांपुढे वैरण घालण्याच्या जागेला मराठीत 'गव्हाण' म्हणतात. ह्या शब्दाचा संबंध संस्कृत 'गवादनी' ह्या शब्दाशी जोडला जातो. 'गो' आणि 'अदन' ही त्याची दोन अंगे. गाईच्या खाण्याची जागा हा त्याचा मूळ अर्थ होय. 'गोठा' हा शब्दही 'गोष्ठ' ह्यापासून आलेला असून तोही मुळात गाईंच्या उभे राहण्याच्या जागेचाच वाचक आहे. गावाच्या सामाईक चराऊ जमिनीस 'गायरान' म्हणतात आणि तेथेही पहिला मान गाईचाच आहे. चरण्याची जागा, राहण्याची जागा आणि खाण्याची जागा ह्या तिन्हींना मराठीने गाईच्या नावाने ओळखले. ह्या तिन्ही जागांच्या आसपास शेकडो वर्षे वावरणाऱ्या शेळीसाठी मात्र भाषेने अशी एकही जागा राखून ठेवलेली दिसत नाही. तिचा गौरव करावयाचा झाला तरी तिला 'गरिबाची गाय' असेच म्हणावे लागते.

ह्या वस्तुस्थितीस ऐतिहासिक कारण आहे. शेळी दावणीस बांधून पोसण्याचे जनावर नव्हते. ती रानात, बांधावर, पडीक जमिनीत आणि ओढ्याकाठी पोट भरून येई. संध्याकाळी तिला निवारा लागे, गव्हाण लागत नसे. जेथे वस्तू नाही तेथे शब्दाचीही गरज पडत नाही. आज मात्र खानदेशात काय किंवा उर्वरित महाराष्ट्रात काय, 'शेळ्यांची गव्हाण' हा शब्दप्रयोग रूढ झाला असून शेळीपालनाच्या प्रत्येक मार्गदर्शनात ती कशी असावी, ह्याची चर्चा असते. शेळी गायरानातून गव्हाणीपाशी कशी आली, आणि गाईसाठी घडविलेली गव्हाण तिच्या कामी का येत नाही, ह्या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत निबंधात फैजपूर परिसराच्या आधारे केला आहे.

२

फैजपूर हे जळगाव जिल्ह्याच्या यावल तालुक्यातील गाव. उत्तरेस सातपुड्याची रांग, दक्षिणेस तापी आणि मध्ये काळ्या मातीची सुपीक पट्टी, अशी ह्या भागाची रचना आहे. पट्टीतील गावांत लेवा बोलीचा प्रभाव आहे, तर डोंगराच्या पायथ्याशी तडवी आणि पावरा समाजाची वस्ती आहे. येथे शेळीस 'बकरी' म्हणण्याचा प्रघात अधिक आहे. हा शब्द संस्कृत 'बर्कर' ह्याशी संबंधित असून 'शेळी' हा शब्द प्राकृत 'छेली' ह्या रूपाशी जोडला जातो. गुजरातीतील 'छाळी' हे त्याचेच भावंड होय. खानदेश हा मराठी, गुजराती व हिंदी ह्यांच्या सीमेवरचा प्रदेश असल्याने येथे एकाच जनावराची दोन्ही नावे शेजारी शेजारी नांदतात, ह्यात नवल नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खानदेशात पडीक जमीन विपुल होती. पुढे लागवड वाढत गेली. १८६१ ते १८६५ ह्या काळातील अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसास भाव आला, रेल्वे भुसावळपर्यंत पोहोचली आणि कापसाचे क्षेत्र पसरले. जी जमीन नांगराखाली गेली ती चरणाऱ्या जनावरांस वर्षातील बराच काळ बंद झाली. तथापि कापूस, ज्वारी व बाजरी ह्या हंगामी पिकांत एक सवलत होती. पीक निघाले की शेत मोकळे होई. वेचणी संपलेल्या कपाशीच्या शेतात पळाटीवरचा पाला, वाळलेली बोंडे आणि बांधावरचे गवत खाण्यासाठी शेळ्यामेंढ्या शिरत. मेंढपाळ ठेलारींचे कळप अशा शेतांत बसविण्याची रीत धुळे-जळगाव भागात परिचित आहे. त्यात शेतकऱ्यास खत मिळे व कळपास चारा. हा व्यवहार उभयपक्षी लाभाचा होता.

विसाव्या शतकात यावल-रावेर पट्टीत केळीची लागवड पसरली तशी ही सवलतही आटत गेली. केळीचे पीक हंगामी नाही. ते वर्षभर शेतात उभे असते आणि एका घडानंतर पिलांवर पुन्हा चालू राहते. मोकळ्या शेताचा काळ त्यात येतच नाही. कोवळ्या केळीच्या बागेत शिरलेली शेळी हा बागाईतदाराच्या दृष्टीने मोठाच उपद्रव होय. म्हणून ज्या पट्टीत केळी आली त्या पट्टीत शेळी दोरीला बांधली गेली, असे स्थूलमानाने म्हणता येईल. केळीची पाने कापून शेळ्यांपुढे टाकता येतात हे खरे. पण बागेतून पाने आणून गोठ्यात घालणे म्हणजेच चराईचा शेवट होय.

३

दुसरे कारण कायद्याचे. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाविषयीच्या कायद्याने कोंडवाड्यास निश्चित रूप दिले. पिकात शिरलेले जनावर कोंडवाड्यात घालावे आणि मालकाने दंड भरून ते सोडवावे, अशी ती व्यवस्था. दंडाच्या मूळ तक्त्यात हत्तीस दोन रुपये, उंटास वा म्हशीस आठ आणे, गाय-बैल-घोड्यास चार आणे, वासरू, गाढव व डुकरास दोन आणे आणि शेळी-मेंढीस एक आणा असा क्रम होता. शेळी सर्वांत शेवटी आहे. परंतु एक आणा हा ज्याच्याकडून घ्यावयाचा, तो बहुधा गावातील सर्वांत निर्धन मनुष्य असे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

१८७८ च्या आणि पुढे १९२७ च्या वन कायद्यांनी राखीव जंगलातील चराईवर निर्बंध घातले. १९२७ च्या कायद्यातील व्याख्या भाषिक दृष्ट्या लक्षणीय आहे. त्या कायद्यातील 'गुरे' ह्या संज्ञेत हत्ती, उंट, म्हशी, घोडे, गाढवे व डुकरे ह्यांच्याबरोबर मेंढ्या, शेळ्या आणि करडे ह्यांचाही नावानिशी समावेश केला आहे. मराठीच्या नित्य व्यवहारात 'गुरेढोरे' निराळी आणि 'शेळ्यामेंढ्या' निराळ्या. हा भेद ग्रामीण बोलण्यात आजही पाळला जातो. लोकभाषेने शेळीला गुरांत कधी धरले नव्हते. कायद्याने तिला धरले ते बंदीसाठी. गव्हाणीच्या नावात तिला स्थान नव्हते, पण कोंडवाड्याच्या तक्त्यात आणि वनरक्षकाच्या नोंदीत ते मिळाले.

ह्या बदलाची झळ प्रथम कोणास लागली, हे महात्मा जोतीराव फुले ह्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) ह्या ग्रंथात नोंदविले आहे. जंगल खात्याने डोंगर, दऱ्या, पडीक जमिनी व गायराने आपल्या कक्षेत ओढल्यामुळे गरिबांच्या शेरडाकरडांना जागाच उरली नाही, ही त्यांची तक्रार आहे. येथे त्यांनी गाईचे नव्हे तर शेरडांचे नाव घेतले, हे महत्त्वाचे. पुढे १९३० साली जंगल सत्याग्रह झाला तेव्हा लोकनायक बापूजी अणे ह्यांनी १० जुलै रोजी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून कायदा मोडला. मिठाप्रमाणेच गवतही राजकीय हक्काचे चिन्ह झाले होते.

४

ह्या पार्श्वभूमीवर फैजपूरचे महत्त्व विशेष आहे. राष्ट्रीय काँग्रेसचे ग्रामीण भागात भरलेले पहिले अधिवेशन येथे डिसेंबर १९३६ मध्ये झाले. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. 'टिळकनगर' ह्या नावाने उभारलेल्या वसाहतीची कलात्मक रचना नंदलाल बोस ह्यांनी केली आणि तीत बांबू व इतर स्थानिक सामग्री वापरली. खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शन गांधीजींच्या हस्ते उघडले. ह्या अधिवेशनाचे वर्णन करताना बांबूच्या कमानींचे व लोटलेल्या जनसमुदायाचे स्मरण सहसा केले जाते. शेतीविषयक ठराव मात्र मागे राहतो.

त्या ठरावात सारा व खंड कमी करणे, कर्जाचा बोजा हलका करणे, वेठबिगार बंद करणे, कुळांना स्थैर्य देणे, शेतमजुरांना जगण्यापुरते वेतन मिळवून देणे अशी कलमे होती. त्यांतच सामाईक कुरणांची तरतूद करण्याचे आणि तळी, विहिरी, जंगले इत्यादींवरील लोकांचे हक्क मान्य करण्याचे कलमही होते. बाकीच्या अनेक कलमांना पुढे कायद्याचे रूप आले. मुंबई राज्याचा १९४८ चा कुळकायदा हे त्याचे ठळक उदाहरण. सामाईक कुरणांना असे भाग्य लाभले नाही. गायरानाची नोंद दप्तरात राहिली, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही (१९६६) चराईसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद आहे, परंतु प्रत्यक्षात इमारती, वसाहती व अतिक्रमणे ह्यांत गायराने आकसत गेली. गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाला २०११ साली सर्व राज्यांना निर्देश द्यावे लागले, ह्यावरून हा प्रश्न किती व्यापक होता हे कळते.

कसण्याच्या जमिनीचा हक्क ज्याच्याकडे काहीतरी जमीन होती त्याला उपयोगी पडला. कुरणाचा हक्क ज्याच्याकडे काहीच नव्हते त्याच्यासाठी होता. दोघांचा उल्लेख एकाच ठरावात होता. एकाची पूर्तता झाली आणि दुसऱ्याची राहिली. शेळी गव्हाणीपाशी आली ती ह्या राहून गेलेल्या कलमाच्या वाटेने, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. शेळ्या मात्र कमी झाल्या नाहीत. २०१९ च्या पशुगणनेत देशातील शेळ्यांची संख्या सुमारे १४ कोटी ८९ लाख भरली आणि महाराष्ट्रात ती एक कोटीच्या वर होती. कुरण आटले, कळप राहिला. मधली उणीव मनुष्याच्या श्रमाने भरून काढली.

५

हे श्रम बहुतांशी स्त्रियांचे आहेत. बांधावरचे गवत, बोर-बाभळीचा पाला, शेवरी वा सुबाभळीच्या फांद्या, पायथ्याच्या गावांत अंजनाच्या डहाळ्या, ह्यांचा भारा डोक्यावरून घरी येतो. चराईत वाया जाणाऱ्या चाऱ्याचा हिशेब कोणी ठेवत नसे, कारण तो कोणी वाहून आणलेला नसे. बांधलेल्या शेळीपुढील चारा वाया गेला तर तो श्रम किंवा पैसा ह्या रूपाने मोजता येतो. दहा मोठ्या शेळ्यांना रोज दहा किलो कोरडी वैरण लागते असे धरले आणि तिचा चौथा हिस्सा पायाखाली गेला असे मानले, तर वर्षाचा तोटा नऊ क्विंटलांवर जातो. भूमिहीन घराच्या दृष्टीने ही रक्कम क्षुल्लक नव्हे.

खाऊन उरलेल्या, तुडविलेल्या वैरणीला मराठीत 'चघळ' असा शब्द आहे. गाईची चघळ आणि शेळीची चघळ ह्यांत फरक आहे. गाय जिभेने वैरण ओढून घेते व पुष्कळदा जाडेभरडेही खाते. शेळीचा वरचा ओठ अत्यंत चपळ असतो. ती देठ टाळून पाने निवडते, मागच्या पायांवर उभी राहून उंच डहाळीपर्यंत तोंड नेते आणि एक घास घेऊन दुसरीकडे वळते. रानात हाच स्वभाव तिला तारतो, कारण त्यामुळे काटेरी झुडपातूनही ती पौष्टिक भाग वेचून काढते. बंदिस्त जागेत तोच स्वभाव नासाडीचे कारण होतो. ती तोंडात घास घेऊन मान मागे घेते, निम्मा घास खाली पडतो, आणि लेंड्या वा मूत्र लागलेल्या चाऱ्याला ती पुन्हा सहसा तोंड लावत नाही. लावलेच तर जंतांचा प्रादुर्भाव होण्याचा संभव असतो. म्हणून शेळी 'नासकी' आहे हा लोकापवाद रास्त नाही. गाईसाठी आखलेल्या जागी तिला खावयास लावले जाते, हे खरे कारण होय.

६

ह्या संदर्भात युरोपीय भाषांतील शब्दव्यवस्थेशी तुलना उद्बोधक ठरते. जर्मन भाषेत जनावरांच्या खाण्याच्या साधनांना दोन स्वतंत्र नावे आहेत. 'क्रिप्पे' म्हणजे दाणा वा बारीक चारा घालण्याची द्रोणीसारखी गव्हाण, आणि 'राउफे' म्हणजे पट्ट्यांच्या फटींतून लांब वाळले गवत ओढून खाण्याची चौकट. दुसरे नाव 'राउफेन', म्हणजे उपटणे वा ओरबाडणे, ह्या क्रियापदाशी संबद्ध आहे. फ्रेंचमध्येही 'मांज्वार' आणि 'रातलिये' असा भेद असून 'रातलिये' हा शब्द दाताळ्याच्या नावावरून आला आहे. दीर्घ हिवाळ्यात जनावरे महिनोन् महिने घरात ठेवून सुक्या गवतावर पोसावी लागत असल्याने तेथे हा भेद रुजला. मराठीत दोहोंचे काम एकट्या 'गव्हाणी'वर पडते. मराठी बायबलात बाळ येशूला ज्यात निजविले त्यालाही 'गव्हाणी' हाच शब्द योजला आहे.

शब्दांतील हा भेद केवळ कोशाचा विषय नाही. शेळीसाठी गव्हाण निवडताना तोच प्रथम उपयोगी पडतो. चारा लांब असेल, म्हणजे गवत, कडब्याच्या पेंढ्या, पाल्याच्या फांद्या असा असेल, तर पट्ट्यांची चौकट हवी. चारा बारीक असेल, म्हणजे कुट्टी, भुसकट वा दाणा असेल, तर द्रोणी हवी. कुट्टी चौकटीत घातली तर फटींतून गळते. लांब पेंढी द्रोणीत घातली तर शेळी ती ओढून बाहेर काढते. खानदेशात दोन्ही प्रकारचा चारा असल्याने वर चौकट व खाली द्रोणी अशी जोडगव्हाण सर्वांत हितावह ठरते. वरून निसटलेला पाला खालच्या द्रोणीत पडतो आणि जमिनीस न लागता पुन्हा खाण्यात येतो.

बांधणीचे नियम ह्याच तत्त्वातून निघतात. चौकटीच्या फटींतून शेळीचे मुस्कट जावे पण डोके जाऊ नये. त्यासाठी सुमारे ५ ते ८ सेंटिमीटर अंतर पुरते. ह्याहून रुंद फट ठेवल्यास शिंगे अडकण्याचा धोका असतो, आणि दोरीची सैल जाळी वापरल्यास करडांच्या गळ्यास फास बसू शकतो. द्रोणीचा तळ जमिनीपासून एक ते दीड फूट उंच असावा, म्हणजे लेंड्या आत जात नाहीत. करडे गव्हाणीत चढून बसू नयेत ह्यासाठी वर आडवी पट्टी लावावी. चौकट शेळीच्या डोक्याहून फार उंच असू नये, कारण तेव्हा कचरा डोळ्यांत व मानेवर पडतो. मोठ्या शेळीस सुमारे एक ते सव्वा फूट रुंदीची जागा लागते. ती कमी पडल्यास दांडग्या शेळ्या अशक्तांना हुसकावतात आणि त्या ढकलाढकलीत चारा सांडतो. तसेच एकदम सर्व वैरण न टाकता दिवसातून दोनतीन वेळा थोडी थोडी घालणे, हा बिनखर्चाचा पण परिणामकारक उपाय आहे.

साहित्याची निवड प्रत्येक काळाने आपापल्या परीने केली आहे. डहाळ्यांची जुडी दोरीने आढ्यास टांगणे हा सर्वांत जुना व स्वस्त प्रकार होय. तो शेळीच्या वर तोंड करून खाण्याच्या सवयीशी जुळतो, परंतु त्यात गळालेला पाला झेलण्याची सोय नसते. बुरूडकामातील कामट्यांची चौकट हलकी व दुरुस्तीस सोपी असते. मात्र शेळ्या ती चघळतात व दोनचार वर्षांत ती बदलावी लागते. लाकडी पट्ट्या अधिक टिकतात. पत्र्याचे पिंप किंवा जाड पी. व्ही. सी. नळी उभी चिरून केलेली द्रोणी धुण्यास सोपी असते, फक्त पत्र्याच्या कडा वळवून घेणे आवश्यक आहे. सिमेंटची पक्की गव्हाण गाईबैलांस योग्य असली तरी एकदा चुकीच्या उंचीची बांधली तर ती बदलता येत नाही. लहान कळपासाठी उचलता येणारी गव्हाणच श्रेयस्कर.

७

चाऱ्याची बचत हा विचार महाराष्ट्रात नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावी ज्या शेतीउपयोगी वस्तू प्रथम बनविल्या त्यांत कडबा कापण्याचे यंत्र होते. त्यांच्या लोखंडी नांगराची कथा सर्वश्रुत आहे, कडबायंत्राची तितकी नाही. १८९९-१९०० च्या, 'छप्पन्नाचा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुष्काळात गुरांची झालेली हानी ताजी असताना वैरण कापून पुरवून घालण्याचे महत्त्व शेतकऱ्यास वेगळे सांगावयास नको होते. परंतु ही बचत बैलासाठी होती, कारण शेतीचे सामर्थ्य बैलात होते. शेळीच्या चाऱ्याचा विचार संस्थात्मक पातळीवर पुष्कळ उशिरा आला. मथुरेजवळ मखदूम येथील केंद्रीय शेळी संशोधन संस्था १९७९ सालची. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठात संगमनेरी शेळीवर काम झाले आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनेही शेळी-मेंढी संवर्धनात भर घातली. ह्या संस्थांची कालक्रमणा पाहिली म्हणजे शब्दांच्या इतिहासातील क्रमच येथेही दिसतो : प्रथम गाय-बैल, नंतर शेळी.

८

एवंच, 'शेळ्यांची गव्हाण' ह्या साध्या शब्दप्रयोगात सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास साठलेला आहे. 'गवादनी'तील गाय बोलणाऱ्याच्या जाणिवेतून लोपली, म्हणूनच हा प्रयोग संभवला. अर्थविस्ताराचे हे नेहमीचे उदाहरण होय. परंतु शब्दाचा अर्थ विस्तारला म्हणून वस्तूचे रूप आपोआप बदलत नाही. जुने नाव घेऊन जुनीच वस्तू शेळीपुढे ठेवली गेली, आणि नासाडीचा दोष शेळीच्या माथी आला. उंची, फट व झेलणारी द्रोणी ह्या तीन गोष्टी बदलल्या की तो दोष बव्हंशी नाहीसा होतो.

तथापि चांगली गव्हाण हे गायरानाचे उत्तर नव्हे. गव्हाण आणलेला चारा वाचविते, पण चारा कोठून आणावयाचा हा प्रश्न ती सोडवू शकत नाही. फैजपूरच्या ठरावातील सामाईक कुरणाचे कलम त्या प्रश्नासंबंधी होते. यावलच्या पायथ्याशी भारा घेऊन उतरणाऱ्या स्त्रीस दोन्हींची गरज आहे : वाहून आणलेले वाया जाऊ नये ह्यासाठी नीट बांधलेली गव्हाण, आणि आणण्यासाठी जेथे हक्काने जाता येईल असे रान. पहिली गोष्ट बुरडाच्या व सुताराच्या हातात आहे. दुसरी अद्याप ठरावाच्या कागदावरच आहे.